तौनोचा बूट

"वॉल्ट्झ होईपर्यंत साइमीला कुंपणाबाहेर न्यायचं नाही," मार्केतानं आपल्या धाकट्या भावाला सभागृहाच्या स्वयंपाकघरात गाठून बजावलं. तिच्या हातात माशाच्या सुपाचा डाव होता आणि तो तिनं सूप वाढण्यासाठी धरल्यासारखा दिसत नव्हता. "फोटो काय काढायचेत ते इथे काढ. त्या भिंतीसमोर. गावातल्या सगळ्यांच्या लग्नाचे फोटो त्याच भिंतीसमोर निघालेत."

"ती भिंत हिरवी आहे," तौनो म्हणाला.

"मग?"

"माणसं आजारी दिसतात."

"माझ्या लग्नातही दिसली होती. अजून सगळी ठणठणीत आहेत."

मार्केताचं म्हणणं रास्त होतं. तिची मुलगी साइमी सकाळीच देवळात वाल्तेरीची झाली होती, पण नवरानवरीनं पहिला वॉल्ट्झ नाचल्याशिवाय आमच्याकडे लग्न झाल्यासारखं कोणाला वाटत नाही. पाद्रीबुवा काही का म्हणेनात. त्याआधी केक कापत नाहीत, दुसरं कोणी नाचत नाही. आणि वाल्तेरी पडला दक्षिणेचा, समुद्रकाठचा. त्याच्याकडची बसभर मंडळी आली होती आणि त्यांना संध्याकाळी निघून रोव्हानिएमीची रेल्वे पकडायची होती. इतक्या लांब येऊन वॉल्ट्झ न बघताच ती परत गेली असती, तर मार्केतानं पुढची दहा वर्षं दक्षिणेकडे तोंड करून कॉफीसुद्धा प्यायली नसती.

"आणि नवरी चोरायचा खेळही वॉल्ट्झनंतरच," ती पुढे म्हणाली. "ओस्मोला मी सांगून ठेवलंय."

ओस्मो म्हणजे साइमीचा भाऊ. नवरी चोरणं हा लग्नातला जुना खेळ. मित्रमंडळी नवरीला गुपचूप पळवून लपवतात, मग नवऱ्याला गाणी म्हणायला लावतात, लाकडं फोडायला लावतात, आणि तो पुरेसा दमला असं वाटलं की त्याची बायको त्याला परत देतात. चोराला शेवटी एक बाटली मिळते. खेळ चांगला आहे, फक्त तो केव्हा खेळायचा हे घरातल्या कर्त्या बाईला विचारून खेळावा.

तौनोनं मान हलवली. मान हलवणारा माणूस ऐकतोच असं नाही, हे त्याची थोरली बहीण असूनही मार्केता त्या दिवशी विसरली.

तौनो लोंपोलो हा छायाचित्रकार होता, आणि साधासुधा नव्हे. परदेशातून जोडपी येत, बर्फात लग्नं करत, आणि तौनो त्यांचे फोटो काढी. मागे पांढरं रान, वर हिरवा उजेड नाचणारं आकाश, मधे थंडीनं काकडत हसणारी नवरी. त्याचे फोटो लांबलांबच्या देशांत भिंतींवर लागले होते. त्याच्याकडे एक निळी गाडी होती. तिच्या दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या पांढऱ्या अक्षरांत 'तौनो' असं रंगवलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'रानातली प्रत्येक वाट ओळखीची'. गावातले लोक ते रोज वाचत आणि काही बोलत नसत. आमच्याकडे न बोलणं हेही एक मत असतं.

पण इतक्या वर्षांत गावातल्या एकाही लग्नाला त्याला कॅमेरा घेऊन कोणी बोलावलं नव्हतं. फोटो काय, ज्याच्या हातात कॅमेरा असेल तो काढतो, अशी इथली समजूत. त्यामुळे भाचीनं "मामा, फोटो तूच काढ" म्हटलं, तेव्हा तौनोला रात्रभर झोप लागली नव्हती. हे एक लग्न असं टिपायचं की गावानं पुन्हा त्या हिरव्या भिंतीचं नाव काढू नये, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

त्यातून आदल्या दिवशी त्यानं एक गोष्ट करून ठेवली होती, जी करायला नको होती. सौनाच्या खोपटात वाफेची आंघोळ झाल्यावर सगळे बाहेर शेकोटीवर सॉसेज भाजत बसले होते. वाल्तेरीच्या कोणा चुलत्यानं समोरच्या हिर्वास दलदलीकडे बोट दाखवून विचारलं, इथून चालत जाता येतं का? तेवढ्यावर तौनो तासभर बोलला. दलदल वाचावी लागते, असं त्यानं सांगितलं. तांबूस शेवाळ पाय पेलतं, हिरवंगार शेवाळ पाय गिळतं. दरवर्षी कोणीतरी फसतोच. "आणि जो फसतो ना," तो शेवटी म्हणाला होता, "तो नेहमी दक्षिणेकडचा असतो."

दक्षिणेकडच्यांनी आपापली सॉसेजं दुसऱ्या बाजूला फिरवली. फक्त वाल्तेरीच्या आजीनं, हेल्लेवीबाईंनी, एक शंका विचारली. त्यांना पक्षी बघण्याचा नाद होता आणि गळ्यातली दुर्बीण त्या देवळातही काढत नसत.

"आणि तांबूसमधेच हिरवं मिसळलेलं असेल तर काय समजायचं?"

"ते अनुभवानं कळतं, आजी," तौनो म्हणाला होता.

हे सगळं डोक्यात घेऊन तौनो आता स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. बाहेर हिर्वास दलदलीवर कापूसगवत फुललं होतं. पांढऱ्या मऊ बोंडांची नुसती चादर, थेट केरोच्या डोंगरापर्यंत. उन्हाळ्यातला आमचा सूर्य मावळत नाही, पण संध्याकाळकडे थोडा खाली येतो आणि मग उजेड मधासारखा होतो. तो तसा होऊ लागला होता. तौनोनं खिडकीतून दलदल पाहिली, दारातून हिरवी भिंत पाहिली, आणि त्याचे हात शिवशिवायला लागले.

साइमी एका कोपऱ्यात गाल चोळत उभी होती. सकाळपासून हसून हसून ते दुखत होते. तौनो तिच्या कानाशी कुजबुजला, दहा मिनिटांचं काम आहे.

"आईला सांगून येते," साइमी म्हणाली.

"आईला सांगून चांगले फोटो निघत नाहीत."

साइमीनं क्षणभर विचार केला. मग तिनं पांढरे जोडे काढले, दारामागचे ओस्मोचे रबरी बूट चढवले, घेर त्यावर सोडला आणि निघाली. तौनोच्या पायात मात्र काळे चकचकीत बूट होते. खास लग्नासाठी घेतलेले. दोघं मागच्या दारानं, लाकडाच्या ढिगाआडून, सौनाच्या बाजूनं सटकले.

दलदलीत जायला फळ्यांची जुनी वाट होती. लांब ओंडके चिरून एकापुढे एक टाकलेले. तौनो लहानपणी त्यावरून डोळे मिटून पळायचा. ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, साइमीजवळ ठेवून त्यानं तिला कापूसगवतात उभं केलं, वाऱ्यानं तिच्या डोक्यावरची जाळीची ओढणी उचलली, आणि फोटो निघाला. तो फोटो खरोखर सुंदर होता. आयुष्यात असा एखादाच निघतो, हे बटण दाबतानाच तौनोला कळलं. शहाण्या माणसानं तिथेच थांबावं. पण फोटो काढणाऱ्यांना एक वाईट खोड असते. डोळा कॅमेऱ्याला लागला की त्यांना वाटतं, आणखी एक पाऊल मागे गेलं तर डोंगरही पुरता येईल.

तौनो एक पाऊल मागे गेला. डोंगर अर्धा आला. आणखी एक पाऊल गेला. डोंगर जवळजवळ आला.

"मामा, फळी," साइमी म्हणाली.

"फळी तर सरळ पलीकडच्या टेकडीपर्यंत जाते," तौनो म्हणाला आणि तिसरं पाऊल टाकलं.

फळी टेकडीपर्यंत जात नव्हती. काही वर्षांपूर्वी गावानं पलीकडची अर्धी वाट उचलून त्या लाकडातून पक्षी बघायचा मनोरा बांधला होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्या वेळी तौनो कुठेतरी परदेशी नवरीला बर्फावर झोपवून तिचे फोटो काढत होता.

तो गुडघ्यापर्यंत आत गेला. कॅमेरा त्यानं सवयीनं वर धरला म्हणून वाचला. भाचीनं ट्रायपॉडचा पाय पुढे केला, तो धरून तौनो 'फ्स्स' असा आवाज करत बाहेर आला, पण त्याचा डावा बूट आला नाही. त्यानं कोपरापर्यंत हात घालून शोधला. दलदल एकदा घेतलेली वस्तू लगेच परत करत नाही.

"चल घरी," साइमी म्हणाली. "आलो त्याच वाटेनं. एवढंसं तर आहे."

तौनोनं मागे वळून पाहिलं. वाट खरंच एवढीशी होती. पण ती सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर जाऊन संपत होती आणि खिडकीत आता मार्केता उभी होती. तिच्या हातातला डावही इथून दिसत होता. तौनोनं स्वतःकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत तपकिरी चिखल, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. मग त्याला शेकोटी आठवली. दक्षिणेकडचे सगळे चेहरे आठवले. त्याचे कान तापले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चिखल धुता येतो, बूट नवा घेता येतो, आणि पन्नास पावलांची लाज पन्नास पावलांत संपते. पण माणूस ती पन्नास पावलं टाळायला कोसभर चालतो.

"आपण त्या पाइनच्या झाडांमागून वळसा घेऊ," तौनो म्हणाला. "सौनाच्या मागे निघू. पाय धुऊ आणि आत जाऊ. कोणाला कळायचंही नाही."

"मामा, तिथे ओलं आहे."

"दलदल वाचावी लागते, साइमी."

साइमी काही बोलली नाही. बोलून उपयोग नसला की आमच्याकडची माणसं बोलत नाहीत, आणि तिनं तर आजच नवऱ्याला आयुष्यभर ऐकून घेण्याचं वचन दिलं होतं. थोडा सराव मामावर झाला तर तिची हरकत नसावी.

मग तौनो पुढे आणि भाची मागे असे दोघं निघाले. तौनो तांबूस शेवाळ बघून पाय टाकत होता. पण हिर्वासवर तांबूस आणि हिरवं असं वेगवेगळं उगवत नाही. ते एकमेकांत मिसळून उगवतं आणि अनुभव असलेल्यालाच कळतं. तौनो कधी घोट्यापर्यंत जाई, कधी पोटरीपर्यंत. प्रत्येक वेळी तो "असं होतं" म्हणे. साइमी रबरी बुटांत बुचुक बुचुक करत, घेर काखेत मारून, त्याच्या मागून दोन हात बाजूनं चालत होती. ती एकदाही बुडली नाही, हे तौनोच्या लक्षात आलं नाही. पुढे चालणाऱ्याला मागचं दिसत नाही.

"ओस्मोला फोन कर," ती एकदा म्हणाली. "तो होडी घेऊन तळ्याच्या बाजूनं येईल."

तौनोनं फोन काढला. ओस्मोचं नाव समोर आणलं. मग त्याला ओस्मोचं हसणं आठवलं. ते सुरू झालं की शेजारच्या गावातली कुत्री भुंकतात. त्यानं फोन पुन्हा खिशात ठेवला.

"पोचलोच की," तो म्हणाला आणि पुढच्याच पावलाला कमरेपर्यंत गेला. फोनही गेला.

आता मात्र साइमीला हसू आवरेना. दिवसभरात पहिल्यांदा ती गाल न दुखता हसत होती. एका हातानं ट्रायपॉडचं टोक धरून ती ओढत होती, दुसऱ्या टोकाला मामा होता, त्याचा एक हात वर आणि त्या हातात कॅमेरा. ओढणी वाऱ्यावर झेंड्यासारखी फडफडत होती. शेवटी तौनो बाहेर आला आणि दोघं एका सुक्या उंचवट्यावर बसले. बसले तसे डास आले. आमचे डास लहान असतात, पण एकजुटीचे असतात. साइमीनं ओढणी पसरून दोघांच्या डोक्यावर घेतली. त्या जाळीखाली मामा आणि भाची गुडघ्याला गुडघा लावून बसून राहिले.

दूर मनोऱ्यावर माणसं हलताना दिसत होती. कोणी चढत होतं, कोणी उतरत होतं.

"पक्षी बघणारे," तौनो म्हणाला. "आज बरीच गर्दी दिसते. क्रौंच उतरले असतील."

साइमीनं तिकडे पाहिलं आणि "असतील" म्हणाली.

मग तौनो खाली मान घालून म्हणाला, "साइमी, तुला एक सांगू का? मी दलदलीत पाय ठेवल्याला वीस वर्षं झाली."

"मग ते तुझे रानातले फोटो?"

"सगळे हॉटेलच्या मागचे. गाडी लावतात ना, तिथून शंभर पावलांवर. परदेशी नवरीचे पाय गारठतात, तिला लांब नेता येत नाही. डावीकडे जरा कॅमेरा वळवला तर कचऱ्याचे डबे येतात." तो जाळीवरचे डास झटकत म्हणाला, "म्हणून वळवत नाही."

साइमी हसली नाही. यात तिचं मोठेपण होतं.

"आणि आज तुझा वॉल्ट्झ चुकणार," तौनो म्हणाला. "बस निघून जाईल. वाल्तेरीची माणसं न बघता जातील. माझ्या एका बुटापायी."

"मला इथे बरं वाटतंय," साइमी म्हणाली. "सकाळपासून कोणीतरी मला धरून कुठेतरी उभं करतंय. इथे निदान बसायला मिळालं. पण आता उठू या. वाल्तेरी वाट बघत असेल."

तेवढ्यात वाऱ्यावर अकॉर्डियनचा आवाज आला. पोल्का नाचाची एक जुनी धून, मग तीच पुन्हा, मग तीच तिसऱ्यांदा. आवाज सभागृहाच्या आतून येत नव्हता, अंगणातून, अगदी मोकळ्यावरून येत होता. तौनो ताठ झाला.

"ऐकतेस? आवाजाच्या दिशेनं चालायचं. याला म्हणतात रान वाचणं."

"मी पुढे चालू का?" साइमीनं विचारलं. तिनं इतक्या सहज विचारलं की तौनोला नाही म्हणायला कारण सापडेना. ती पुढे झाली. इकडे वळली, तिकडे वळली, एका वाकड्या झाडाशी उजवीकडे गेली, आणि एकदाही न बुडता त्याला सौनाच्या मागे आणून उभं केलं. दर ऑगस्टला ती आणि मार्केता इथेच दलदलीत उगवणारी पिवळी बोरं वेचायला यायच्या.

"तुला वाट माहीत होती?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, वाचावी लागते. म्हटलं, वाचत असशील."

सौनाच्या पायरीवर कोमट पाण्याचं घंगाळ भरून ठेवलं होतं. शेजारी टॉवेल, साइमीचे पांढरे जोडे आणि मासे साफ करायची मोठी कात्री. तौनोला वाटलं, नशीब चांगलं. कोणीतरी काहीतरी धुवायला ठेवलेलं दिसतंय. त्यानं चिखलाचा मोजा काढून तेवढा पाय धुतला. साइमीनं कात्रीकडे एकदा बघितलं, मग पांढरे जोडे चढवले आणि शांतपणे झग्याचा चिखलानं भरलेला खालचा पट्टा कापून टाकला. झगा घोट्याच्या वर आला. नाचायला उलट सोयीचा झाला.

दोघं कोपऱ्यावरून अंगणात आले आणि तिथे सगळं लग्न उभं होतं.

तौनो थबकला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, कमरेपर्यंत चिखल, आणि समोर दोन्हीकडचे पाहुणे. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं त्याला वाटलं, पण ते तर तो दोनदा करून आला होता.

ओस्मोनं अकॉर्डियन बाजूला ठेवलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"चोर सापडला," ओस्मो म्हणाला. "मामा, अशी चोरी गावात कधी झाली नाही. आम्ही लोक नवरी फार तर गोठ्यात लपवतो."

एव्हाना बिचारा वाल्तेरी लाल होऊन घामानं निथळत उभा होता. त्याला बादलीभर बटाटे सोलायला लावले होते, ओंडके फोडायला लावले होते, आणि साइमीचे गुण गाण्यात म्हणायला लावले होते. गुण संपल्यावर त्यानं तिच्या स्वयंपाकाचेही गोडवे गायले म्हणे, जो त्यानं अजून खाल्ला नव्हता. तो पुढे आला.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले," साइमी म्हणाली. त्या दोघांना एवढं पुरेसं होतं.

तौनोच्या ध्यानात आलं, यांना वाटतंय मी मुद्दाम चोरली. खेळ म्हणून. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण झाली ती लाजच. फुकटची शाबासकी चिखलापेक्षा जास्त चिकटते. त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं. "खरं म्हणजे मी," एवढं तो बोलला, आणि साइमीनं पांढऱ्या जोड्याची टाच त्याच्या उघड्या पायावर ठेवली. तो गप्प झाला. ओस्मोनं त्याच्या हातात चोराची बाटली दिली. मार्केतानं झग्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि कॉफी गरम करायला आत गेली.

वॉल्ट्झ झाला. हिरव्या भिंतीसमोर झाला. तौनोनं एका बुटावर लंगडत फोटो काढले. वाल्तेरीकडचे सगळे भिंतीला टेकून उभे राहून बघत होते. बसचा चालक दारातच केकची बशी घेऊन उभा होता. त्यालाही घाई दिसत नव्हती.

मग दक्षिणेकडचे बसमध्ये चढायला लागले. हेल्लेवीबाई सगळ्यांत शेवटी आल्या. तौनोनं हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि सोडला नाही.

"फार छान पक्षी आहेत तुमच्याकडे," त्या म्हणाल्या.

"क्रौंच दिसले का?"

"नाही. मी दुसरंच बघत होते." त्यांनी फोन काढला आणि त्याच्यासमोर धरला. मनोऱ्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायचा तिथे फोन लावून काढलेला फोटो होता. कापूसगवताची पांढरी चादर, मागे केरोचा डोंगर, पुरता. आणि मधे कमरेपर्यंत दलदलीत गेलेला तौनो, एक हात वर, हातात कॅमेरा. त्याला ट्रायपॉडनं ओढणारी, मान मागे टाकून हसणारी नवरी.

तौनोनं फोनवरून मान वर केली. "तुम्ही बघत होतात?"

"सगळेच बघत होते. रांग लागली होती. तुमच्या बहिणीनं प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून दिला. चालकसुद्धा दोनदा चढून गेला."

"मग ते बटाटे? ती गाणी?"

"तुम्ही वळसा घेऊन लपत निघालात, तेव्हा आम्हाला कळलं की तुम्हाला कोणी बघितलेलं नकोय. मार्केता म्हणाली, चोरीचा खेळ आत्ताच लावा. वाल्तेरीनंच विचारलं, आणखी काय करू, ते अजून अर्ध्या वाटेतच आहेत. आणि ओस्मोला तिनं वाजवायला बाहेर बसवलं, तुम्हाला दिशा कळावी म्हणून."

तौनोला पोल्का आठवली. रान वाचणं आठवलं. कोमट पाणी आणि कात्री आठवली.

"आजी," तो कसाबसा म्हणाला, "एक हाक तरी मारायची."

"पक्षी बघताना ओरडायचं नसतं," हेल्लेवीबाई म्हणाल्या. "बुजतात." त्या पायरी चढल्या, मग वळल्या. "आणि ते तांबूस-हिरव्याचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. अनुभवानंच कळतं."

बस गेली. तौनो भांडी घासायला स्वयंपाकघरात गेला, कोणी न सांगता. मार्केता धूत होती, तो पुसत होता. शेवटची बशी पुसताना तो म्हणाला, "तू हाक का नाही मारलीस?"

"कॉफी उकळत होती," मार्केता म्हणाली, आणि तो विषय तिथे संपला.

मार्केतापुरता संपला, लोकांपुरता नव्हे. लग्नानंतर पाहुण्यांना आभाराचं कार्ड पाठवतात, त्यावर लग्नाचा एक फोटो असतो. तौनोनं आपला कापूसगवतातला फोटो मोठा करून साइमीला दिला होता. तो तिच्या घरात चुलीवरच्या भिंतीवर लागला. कार्डावर मात्र हेल्लेवीबाईंचा आला. "मामा, त्या फोटोत मी खरी हसतेय," साइमी म्हणाली. एक कार्ड दुकानात काउंटरमागे लागलं, एक हॉटेलात. आणि आमच्याकडे रानातल्या जागांना नावं पडायला सरकारी माणूस लागत नाही. बोरं वेचणारे म्हणू लागले, तौनोच्या बुटाशी बोरं चांगली आहेत. पुढच्या वसंतात ओस्मोनं फळीच्या टोकाला एक पाटी ठोकली. 'तौनोचा बूट. यापुढे फळी नाही.'

लग्नानंतर महिनाभर तौनो दुकानात दुपारी, माणसं नसताना जाई. पण त्या ऑगस्टला मार्केता दोन बादल्या आणि रबरी बूट घेऊन त्याच्या दारात उभी राहिली, आणि तो मुकाट्यानं तिच्या मागून दलदलीत गेला. पुढच्या ऑगस्टला बोलावण्याची वाट न बघता गेला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक परदेशी जोडपं हॉटेलात उतरलं होतं. त्यांना लग्नाचा फोटो हवा होता, आणि तो काउंटरमागच्या कार्डावर आहे त्याच जागी हवा होता. तौनोनं त्यांना निळ्या गाडीत बसवलं, दोघांना रबरी बूट दिले, स्वतःही घातले, आणि फळीवरून चालत पाटीपर्यंत नेलं. कापूसगवत फुललं होतं. नवरा पाटीवरची अक्षरं लावत वाचू लागला.

"हा तौनो कोण?" त्यानं विचारलं.

तौनोनं कॅमेऱ्याला डोळा लावला. त्याचे कान लाल झाले.

"होता कोणीतरी," तो म्हणाला. "दक्षिणेकडचा."

नवऱ्यानं मान हलवली. मग त्याची नजर दलदलीपलीकडे रस्त्याकडे गेली. तिथे निळी गाडी उभी होती आणि तिच्यावरची पांढरी अक्षरं इतक्या लांबूनही स्वच्छ वाचता येत होती. त्यानं ती वाचली. पाटी पुन्हा वाचली. बायकोकडे पाहिलं. तिनंही वाचली होती.

ती दोघं आमच्याकडे येऊन चारच दिवस झाले होते, पण शहाणी होती.

"आज उजेड छान आहे," नवरी म्हणाली.